तळापर्यंत पोचणारा उजेड : टॅम्पा खाडीचं प्रकरण

खाडी सुधारली की बिघडली हे कशावरून ओळखायचं? मासे, पक्षी, पाण्यातला प्राणवायू, गाळातले कीटक, अशी शंभर मापं सांगता येतील. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पा खाडीत काम करणाऱ्यांनी त्यातलं एकच माप पुढे धरलं : खाडीच्या तळाशी उगवणाऱ्या गवतापर्यंत सूर्याचा किती उजेड पोचतो. त्या एका मापाच्या आधाराने त्यांनी निम्मी उजाड झालेली खाडी पुन्हा गवताने भरून आणली. नंतर २०१६ च्या पुढे हेच गवत परत ओसरू लागलं, तेव्हा उजेडाच्या मापात काय मावत नाही हेही त्यांना दिसलं. टॅम्पाबद्दल सांगताना बहुतेक वेळा पहिला अर्धा भागच सांगितला जातो. मला दुसरा अर्धा तितकाच मोलाचा वाटतो, कारण जगातल्या बाकीच्या खाड्यांपुढेही आता तोच येऊन ठेपला आहे.

उथळ पाणी

टॅम्पा खाडी सुमारे हजार चौरस किलोमीटरची. हिल्सबरो, अलाफिया, लिटल मॅनटी आणि मॅनटी या चार नद्या तिला मिळतात आणि तोंडाशी मेक्सिकोचं आखात आहे. आकार मोठा असला तरी खोली सरासरी साडेतीन मीटरच. जहाजांसाठी खणलेला मार्ग सोडला, तर बराचसा तळ अशा खोलीवर आहे की पाणी नितळ असेल तर ऊन खालपर्यंत जातं. म्हणून तिथे समुद्री गवत उगवतं. हे शैवाल नव्हे. याला मुळं असतात, पानं असतात, पाण्याखाली फुलं येतात, बी धरतं. मुळांनी गाळ धरून ठेवला जातो, पानांच्या आडोशाला माशांची आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात, आणि मॅनटी नावाचा अवजड, संथ सस्तन प्राणी याच कुरणांवर चरतो.

भरतीचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी यांच्या मचूळ मिश्रणात जगणारे जीव तसे काटक असतात. दिवसातून खारटपणा बदलतो, तापमान बदलतं, ते सोसतात. अंधार मात्र गवताला सोसत नाही.

अंधार कसा झाला

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडात माणसांचा लोंढा आला. पाण्याकाठचं घर प्रत्येकाला हवं होतं आणि किनारा तर मर्यादित. मग खाडीचा तळ उपसून, तोच गाळ शेजारी ओतून, बोटांसारख्या लांबट जमिनी तयार करण्याचा धंदा जोरात चालला. खाडीला लागून असलेल्या बोका सिएगा उपखाडीचा सुमारे पाचवा हिस्सा अशा भरावाखाली गेला. जिथे भराव पडला तिथलं गवत मेलंच, पण उपशाने उठलेल्या गढूळपणाने आजूबाजूचंही गेलं.

याच बोका सिएगामधून एक महत्त्वाचा न्यायालयीन निकाल आला. दोघा जमीनमालकांना स्वतःच्या मालकीच्या पाण्याखालच्या जागेवर भराव घालून फिरत्या घरांची वसाहत उभारायची होती. लष्कराच्या अभियंता विभागाने १९६७ मध्ये परवानगी नाकारली. जहाजांच्या वाहतुकीला अडथळा होतो असं कारण त्यात नव्हतं, मासे आणि वन्यजीवांची हानी होईल हे होतं. मालक न्यायालयात गेले. १९७० मध्ये अपील न्यायालयाने 'झेबल विरुद्ध टॅब' या खटल्यात विभागाची बाजू उचलून धरली. निसर्गाची हानी एवढ्या कारणावरही भराव नाकारता येतो, हे त्या निकालाने पक्कं झालं. खाडीच्या संरक्षणात मोजमापाआधी कुणीतरी 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते 'नाही' टिकावं लागतं. पुढचं सगळं काम या निकालाच्या आधाराने झालं असं म्हणणं फार होईल, पण तो नसता तर हिशेब मांडायला गवतच कमी उरलं असतं.

दुसरं कारण सांडपाणी. १९७० च्या दशकापर्यंत टॅम्पा शहराचं मैलापाणी फक्त प्राथमिक प्रक्रिया करून, म्हणजे घन गाळ खाली बसवून, खाडीत सोडलं जाई. त्यात नायट्रोजन भरपूर. इथे एक स्थानिक गोष्ट समजून घ्यायला हवी. खाडीच्या पाणलोटात फॉस्फेटचे मोठे साठे आहेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाणी चालल्या आहेत, आणि त्यामुळे पाण्यात फॉस्फरस मुळातच मुबलक आहे. सूक्ष्म शैवालाला वाढायला जे कमी पडतं ते नायट्रोजन. त्यामुळे तो जितका जास्त, तितकं शैवाल जास्त. शैवालाने पाणी हिरवं झालं, उजेड वरच्या थरात अडला, खालचं गवत मेलं, गवत गेल्याने गाळ सुटा झाला आणि लाटांनी तो उठून पाणी आणखी गढूळ झालं. अंधाराने अंधार वाढवला. हिल्सबरो नदीच्या मुखाकडचा भाग तर इतका बिघडला होता की कुजणाऱ्या शैवालाच्या वासाने काठच्या लोकांना खिडक्या उघडणं नको व्हायचं.

१९५० मध्ये खाडीत सुमारे ४० हजार एकर समुद्री गवत होतं. १९८२ मध्ये उरलं ते साधारण २१,६०० एकर.

वासापासून सुरुवात

बदलाची सुरुवात गवताच्या प्रेमातून झाली नाही, वासाच्या तक्रारींतून झाली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. लोकांच्या नाकाला जे कळतं त्यावरच राजकारण हलतं, आणि इथे ते हललं. राज्याने कायदा केला की या खाडीत सांडपाणी सोडायचं तर प्रगत प्रक्रिया करूनच सोडा, नाहीतर सोडू नका. प्रगत प्रक्रियेचा अर्थ आकड्यांत सांगितला : नायट्रोजन लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत. टॅम्पाचं नवं केंद्र १९७९ मध्ये चालू झालं. पलीकडच्या सेंट पीटर्सबर्ग शहराने वेगळी वाट धरली. प्रक्रिया केलेलं पाणी खाडीत न सोडता वेगळ्या नळांनी बागा आणि हिरवळींना देण्याची व्यवस्था त्यांनी शहरभर उभारली, आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे करणाऱ्या पहिल्या काहींत ते शहर गणलं जातं. सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन पुढे सुमारे ९० टक्क्यांनी घटला.

फळ लगेच दिसलं नाही. तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला नायट्रोजन सुटत राहिला. पाण्याचा हिरवेपणा कमी व्हायला काही वर्षं गेली आणि गवत पसरायला त्याहून कितीतरी जास्त. खर्च झाला, कर वाढले, आणि खाडी तशीच, हा काळ कुठल्याही अशा कामात सर्वात धोक्याचा असतो. या काळात लोकांना धीर धरायला लावणारी एक गोष्ट टॅम्पात होती. हिल्सबरो काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, पर्यावरण यंत्रणा १९७० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यापासूनच खाडीतल्या ठरलेल्या जागांवर दर महिन्याला पाण्याचे नमुने घेत होती. डोळ्यांना फरक दिसत नव्हता तेव्हा या नोंदींत तो दिसू लागला होता.

उलटा हिशेब

१९९१ मध्ये टॅम्पा खाडीसाठी राष्ट्रीय नदीमुख कार्यक्रम सुरू झाला आणि इथून हे प्रकरण खऱ्या अर्थाने वेगळं होतं. सहसा प्रदूषण आवरायचं तर 'इतके टक्के कमी करा' असा आकडा वरून येतो. इथे हिशेब तळापासून वर मांडला गेला.

गवत किती हवं? १९५० च्या ९५ टक्के, म्हणजे ३८ हजार एकर. तेवढं गवत उगवायचं तर ते किती खोलीपर्यंत पोचायला हवं? त्या खोलीवर सर्वात जास्त उजेड मागणाऱ्या 'कासव गवता'ला किती ऊन लागतं? मोजून उत्तर मिळालं : पाण्यात शिरलेल्या उजेडाच्या सुमारे २०.५ टक्के. एवढा उजेड पोचायचा तर पाण्यात शैवालाचं हरितद्रव्य किती असू द्यायचं? खाडीच्या चार भागांसाठी चार वेगळी उत्तरं आली. नदीमुखाकडच्या हिल्सबरो भागात लिटरमागे १३.२ मायक्रोग्रॅम, ओल्ड टॅम्पा बे भागात ८.५, मधल्या भागात ७.४, आखाताकडच्या खालच्या भागात ४.६. आणि हरितद्रव्य तेवढंच राहायचं तर वर्षाला नायट्रोजन किती येऊ द्यायचा? शेवटी येऊन थांबलं ते नायट्रोजनच्या बजेटवर.

या मांडणीचं सौंदर्य असं, की नगरसेवकापासून खत कंपनीच्या अभियंत्यापर्यंत प्रत्येकाला आपल्या पाइपातून येणाऱ्या टनांचा गवताच्या पात्याशी काय संबंध आहे हे एका ओळीत सांगता येत होतं. दरवर्षीचा निकालही त्यांनी तसाच सोपा ठेवला : १९७५ पासूनचं प्रत्येक वर्ष आणि खाडीचा प्रत्येक भाग यांची एक चौकटींची तालिका, आणि चौकट हिरवी, पिवळी किंवा लाल. सत्तरच्या दशकातल्या ओळी जवळजवळ लालभडक आहेत. खाली उतरत यावं तसा हिरवा रंग वाढत जातो. शंभर पानी अहवाल वाचणारे थोडे, ही तालिका कुणालाही वाचता येते.

बजेट ठरलं, पण पाळणार कोण? १९९० च्या दशकाच्या मध्यात नगरपालिका, काउंट्या, खत उद्योग आणि वीज कंपनी यांनी मिळून नायट्रोजन व्यवस्थापनाचा एक संघ केला. लोकसंख्या वाढणार हे उघड होतं. अंदाज निघाला की त्या वाढीने खाडीत दरवर्षी अमेरिकी मापाने १७ टन नायट्रोजनची भर पडेल. संघाने ठरवलं की ही भर आपण दरवर्षी दुसरीकडे कमी करून भरून काढायची. या धोरणाला ते 'रेषा धरून ठेवणं' म्हणतात. मग शेकडो लहानमोठी कामं झाली : पावसाचं पाणी मुरवणारी तळी, फॉस्फेट उद्योगातली गळती थांबवणं, वाहून येणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया. कोळशावर चालणारं एक मोठं वीज केंद्र नैसर्गिक वायूवर गेलं, कारण धुराड्यातून हवेत गेलेला नायट्रोजनही शेवटी पावसाबरोबर खाडीतच उतरतो. पिनेलास काउंटीने १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हिरवळीला नायट्रोजन आणि फॉस्फरसची खतं घालायला बंदी केली, आणि त्या काळात त्यांच्या विक्रीवरही.

हिरवळीवरची ही बंदी छोटी वाटते, पण तिच्यात एक मोठा बदल दडलेला आहे. सांडपाण्याची केंद्रं सुधारल्यावर नायट्रोजनचा सर्वात मोठा स्रोत रस्ते, अंगणं आणि छपरांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी हा झाला. तो कुठल्या एका पाइपातून येत नाही, म्हणून त्याच्यावर एका दंडाने इलाजही होत नाही.

२०१४ च्या मोजणीत गवत ४०,२९५ एकर भरलं. उद्दिष्ट ओलांडलं गेलं. २०१६ मध्ये ते ४१,६५५ एकरांवर गेलं, १९५० पेक्षाही थोडं जास्त. आणि हे अशा काळात, जेव्हा खाडीकाठच्या तीन काउंट्यांची वस्ती वाढत ३० लाखांच्या जवळ जात होती. माणसं वाढली की पाणी बिघडणारच, हे वाक्य इथे खोटं ठरलं.

वहीबाहेरचं ओझं

खाडीच्या दक्षिणेकडच्या काठावर पायनी पॉइंट नावाचा खताचा जुना कारखाना आहे. कारखाना २००१ मध्येच बंद पडला, चालवणारे दिवाळखोरीत गेले, आणि मागे राहिले जिप्समचे टेकडीएवढे ढीग. त्यांच्या माथ्यावर आम्लयुक्त, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्याची तळी. २०११ मध्ये तिथे एकदा गळती झालीच होती.

मार्च २०२१ मध्ये तळ्याच्या अस्तराला भोक पडलं. बांध फुटला तर घरं बुडतील म्हणून तीनशेहून जास्त घरं रिकामी केली गेली आणि ताण कमी करण्यासाठी ३० मार्च ते ९ एप्रिल या काळात सुमारे ८१ कोटी लिटर पाणी मुद्दाम खाडीत सोडलं. त्याबरोबर सुमारे १८६ टन नायट्रोजन गेला. खाडीच्या खालच्या भागात एरवी वर्षभरात जेवढा येतो त्याहून जास्त, दहा दिवसांत.

आधी सूक्ष्म शैवालाचा बहर आला. मग तळावर निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या तंतूंचे जाड गालिचे पसरले. जून-जुलैत 'लाल भरती' आली, म्हणजे कॅरेनिया ब्रेव्हिस या विषारी सूक्ष्मजीवाचा बहर. तो आखातात दरसाल कुठे ना कुठे असतो, पण खाडीच्या आत इतका जोर सहसा धरत नाही. सेंट पीटर्सबर्गच्या आसपासच्या पाण्यातून १,६०० टनांहून जास्त मेलेले मासे काढावे लागले.

'रेषा धरून ठेवणाऱ्या' संघाने दरवर्षीच्या १७ टनांसाठी किती आटापिटा केला होता ते वर आलंच आहे. त्याच्या दहापट ओझं बंद कारखान्याच्या माथ्यावर वीस वर्षं पडून होतं, आणि ते कुणाच्याच खात्यावर नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वात मोठी चूक हीच. चालू पाइपांचा हिशेब काटेकोर होता, पण मागे टाकून दिलेल्या साठ्याचा नव्हता. बंद खाण, जुनी राखेची तळी, सोडून दिलेला कचऱ्याचा डोंगर हे सहसा अशा यादीत येत नाहीत. अतिवृष्टीच्या एका हंगामात मात्र ते खाडीत येऊ शकतात.

उजेड असूनही

पायनी पॉइंटवर सगळा दोष टाकणं सोपं आहे, पण आकडे तसं करू देत नाहीत. गवताची उतरण त्याआधीच लागली होती. २०१८ मध्ये ४०,६५२ एकर, २०२० मध्ये ३४,२९८, २०२२ मध्ये ३०,१३७. सहा वर्षांत साडेअकरा हजार एकर गेले, म्हणजे दोन पिढ्यांनी कमावलेल्यातला अर्ध्याहून जास्त वाटा.

काही भागांचं कारण ओळखीचं होतं. ओल्ड टॅम्पा बे हा खाडीचा वायव्येकडचा कोपरा. तिथे भरावाचे रस्ते आडवे गेले आहेत आणि पाण्याची ये-जा मंद आहे. तिथे जवळजवळ दर उन्हाळ्यात पायरोडिनियम बहामेन्स या सूक्ष्मजीवाचा बहर येऊ लागला. रात्री पाणी ढवळलं की तो निळसर चमकतो, दिवसा मात्र पाणी तांबूस करून उजेड अडवतो. त्याच्या बीजपेशी चिखलात झोपून राहतात आणि पाणी तापलं की उठतात, त्यामुळे त्या वर्षीचा नायट्रोजन कमी केला तरी मागच्या बहराचं बी शिल्लक असतंच. २०१८ मध्ये कोर्टनी कॅम्पबेल कॉजवेच्या भरावाचा एक तुकडा कापून तिथे छोटा पूल टाकला आणि मागच्या कोंडलेल्या पाण्याला वाट करून दिली. १९३४ मध्ये बांधलेल्या रस्त्याची चूक दुरुस्त व्हायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

जिथे तालिकेतली चौकट हिरवी होती तिथलंही गवत गेलं, याचं उत्तर मात्र उजेडात सापडेना. जुन्या मासिक नोंदी पुन्हा काढल्या तेव्हा दिसलं की १९७५ पासून खाडीचं पाणी दर वर्षी सरासरी ०.०३ ते ०.०४ अंश सेल्सियसने तापत आलं आहे आणि हळूहळू गोडंही होत आलं आहे. अतिवृष्टीची वर्षं वाढली की खारटपणा घटतो. तीस अंशांवरचे आणि खारटपणा फार उतरलेले दिवस आता वर्षात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतात, आणि दोन्ही एकाच वेळी येतात.

यातलं शास्त्र साधं आहे. पाणी तापलं की वनस्पतीचा श्वसनाचा खर्च वाढतो. कमाई उजेडातून होते, ती तेवढीच राहिली आणि खर्च वाढला तर शिल्लक घटते. म्हणजे २०.५ टक्के उजेडाचा तो ठरलेला आकडा ज्या तापमानाला काढला होता ते तापमानच आता राहिलेलं नाही. गरम पाण्यात त्याच गवताला जास्त ऊन लागेल. म्हणून हवामान बदल आला, आता नायट्रोजन आवरून काय होणार, असं जे म्हटलं जातं ते मला उलटं वाटतं. तापमान खाडीकाठच्या कुणाच्या हातात नाही. नायट्रोजन आहे. जुनी रेषा धरून ठेवणं पुरणार नाही, ती आणखी खाली आणावी लागेल, म्हणजे वाढलेल्या खर्चापुरता जास्तीचा उजेड मिळेल.

सरकायला जागा

सेंट पीटर्सबर्गच्या भरतीमापकावर १९४७ पासून नोंदी आहेत. समुद्र तिथे वर्षाला सरासरी सुमारे ३ मिलिमीटरने वर येतो आहे आणि अलीकडे वेग वाढला आहे. थंडीत दव गोठण्याच्या रात्री कमी झाल्याने खारफुटी पसरली आहे आणि गवताळ खाजणांची जागा तिने घेतली आहे. पाणी चढेल तसं या दोघांनाही जमिनीकडे सरकावं लागेल. पण काठावर जिथे समुद्रभिंती आणि अंगणं आहेत तिथे सरकायला जागाच नाही. म्हणून आता मोकळ्या उरलेल्या सखल जमिनी आजच राखून ठेवण्यावर भर आहे, पन्नास वर्षांनी तिथे पाणी येईल या हिशेबाने. खाडीच्या पूर्व काठावर 'रॉक पाँड्स' नावाच्या जागी सुमारे हजार एकर जुनी शेतं आणि खाणीचे खड्डे पुन्हा भरती-ओहोटीला जोडण्याचं काम २०१५ च्या सुमारास पुरं झालं.

खारफुटीच्या बाबतीत फ्लोरिडातले अभ्यासक रॉबिन लुइस आयुष्यभर एकच सांगत राहिले : आधी पाण्याची ये-जा नीट करा, जमिनीची उंची नीट करा, मग रोपं बहुधा आपोआप येतील. रोपं लावण्याचा सोहळा करून पाण्याकडे न पाहणाऱ्या कितीतरी योजना जगभर वाळून गेल्या आहेत. गवताच्या बाबतीतही टॅम्पाचा अनुभव तोच. परत आलेल्या हजारो एकरांतलं फार थोडं माणसांनी हाताने लावलेलं होतं. पाणी नितळ झालं आणि गवत चालत आलं.

२०२४ च्या मोजणीत गवत ३१,५४४ एकर भरलं. २०१६ नंतरची ही पहिली वाढ, चौदाशे एकरांची. या मोजणीसाठीची हवाई छायाचित्रं हिवाळ्यात काढतात, कारण तेव्हा पाणी सर्वात नितळ असतं आणि वरून तळ दिसतो. ती काढून झाल्यावर त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हेलीन वादळाने मापकाच्या नोंदीतलं सर्वात उंच पाणी खाडीत आणलं, आणि दोन आठवड्यांच्या आत मिल्टन वादळाने सेंट पीटर्सबर्गवर एका रात्रीत महिन्यांचा पाऊस ओतला. मैलापाण्याच्या वाहिन्या भरून वाहिल्या. ते चौदाशे एकर या दोन वादळांच्या आधीचे आहेत.